नॉमिनेशन एकीचं, लग्न दुसरीशी: मग फॅमिली पेन्शन कुणाची?

पाटबंधारे खात्यातला एक वरिष्ठ लिपिक. १९९४ ला नोकरीला लागलेला, म्हणजे जुन्या पेन्शनवाला, आणि २०२३ मध्ये नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेला. शेवटचं मूळ वेतन ५०,५०० रुपये. मागे म्हातारी आई, दोन बायका, थोरलीची चोवीस वर्षांची मुलगी जिचं लग्न अजून व्हायचंय, आणि धाकटीचा बारा वर्षांचा मुलगा. तेरावं व्हायच्या आधीच दोघी वेगवेगळ्या दिवशी ऑफिसात जाऊन आल्या. माणसं इथे मुद्दाम बिननावाची ठेवलीत, कुणा एका घरची गोष्ट नाही ही, अशा केसेसमध्ये जे नेहमी दिसतं ते एका ठिकाणी जुळवलंय. नियम आणि निकाल मात्र आहेत तसेच.

आधी मागचं थोडं. थोरलीशी लग्न १९९६ चं, गावात, मांडव घालून, पण नोंदणी वगैरे काही नाही. २००६ ला भांडण होऊन ती मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. २००७ मध्ये शंभराच्या स्टॅम्पपेपरवर फारकतनामा झाला, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, खाली नोटरीचा शिक्का. २००९ ला याने देवळात दुसरं लग्न केलं, २०११ ला मुलगा झाला, २०१२ ला ऑफिसात जाऊन ग्रॅच्युइटीचं आणि गटविम्याचं नॉमिनेशन धाकटीच्या नावाने करून टाकलं. जीपीएफचं, म्हणजे पगारातून साठणाऱ्या भविष्य निर्वाह निधीचं, नॉमिनेशन बदलायचं बहुतेक विसरला, तिथे नोकरीला लागतानाचं म्हणजे १९९४ चं आईचं नाव तसंच राहिलं.

ऑफिसने काय केलं, तर जे बहुतेक ऑफिसं करतात तेच. दोघी बायका आणि आई, तिघींनाही एकाच मजकुराचं पत्र, "सक्षम न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र सादर केल्यानंतर पुढील कार्यवाही करण्यात येईल". आस्थापनेवरचा क्लार्क तोंडी म्हणाला, ताई आम्ही काय करणार, तुम्हीच कोर्टातून आणा, आमच्याकडे तर नॉमिनेशन त्या ताईंचं आहे. म्हणजे एका वाक्यात त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही अर्धवट.

मुळात घोळ इथे होतो की नवरा गेल्यावर मिळणारे सगळे पैसे लोक एकच गाठोडं समजतात आणि मग ते गाठोडं कुणाचं यावर भांडतात. ते एक नसतंच. फॅमिली पेन्शन वेगळी, ग्रॅच्युइटी म्हणजे मृत्यू उपदान वेगळं, जीपीएफ वेगळा, रजेचे पैसे वेगळे, गटविमा वेगळा, आणि प्रत्येकाला कोण पात्र हे वेगवेगळ्या नियमाने ठरतं. या केसमध्ये तर मजा अशी आहे की एकाच माणसाचे पैसे, पण ग्रॅच्युइटीचे वाटेकरी तीन निघाले, जीपीएफचे चार, आणि पेन्शनचं उत्तर आणखी निराळं.

पेन्शनपासूनच घेऊ कारण खरी जन्माची सोय तीच. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत आणि त्यातल्या नियम ११६ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन आहे. साधा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे इथे १५,१५० रुपये अधिक महागाई, आणि सात वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालेला माणूस नोकरीत गेला तर सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने ५० टक्के, म्हणजे २५,२५० अधिक महागाई. आता ही रक्कम नवऱ्याने कमावून ठेवलेली मालमत्ता नाही बरं का. ती त्याच्या हयातीत त्याला कधी मिळणारच नव्हती, ती सुरूच होते तो गेल्यावर, आणि कुणाला द्यायची हे नियम ठरवतो. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलंय, फॅमिली पेन्शन मयताच्या इस्टेटीचा भाग नाही, तो मृत्युपत्र करूनही ती दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. तिथे विधवेविरुद्ध दिराने मृत्युपत्र पुढे केलं होतं, चाललं नाही. १९९९ च्या एका प्रकरणात उलटं होतं, बायको नोकरीत, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, नॉमिनेशन तिने नवऱ्याला सोडून दुसऱ्याचं केलेलं, तरी कोर्टाने फॅमिली पेन्शन नवऱ्यालाच दिली, कारण घटस्फोट झालेला नव्हता. म्हणजे नॉमिनेशनने पेन्शन मिळत नाही आणि नॉमिनेशन नाही म्हणून जातही नाही. (केंद्र सरकारने जानेवारी २०२४ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, नवऱ्याशी घटस्फोटाची किंवा छळाची केस चालू असेल तर पेन्शन आधी मुलांना द्या असं लेखी कळवायची मुभा दिली, पण ती केंद्राच्या नियमांत, आणि तिथेही नियम बदलूनच द्यावी लागली हे लक्षात घ्या.)

म्हणून पहिला प्रश्न "नॉमिनी कोण" हा नाहीच. प्रश्न आहे तो मेला त्या दिवशी त्याची कायदेशीर बायको कोण होती.

इथे तो शंभराचा स्टॅम्पपेपर येतो. आपल्याकडे अजूनही लोकांना मनापासून वाटतं की नोटरीकडे फारकत झाली म्हणजे मोकळे झालो, वकीलसुद्धा काही जण करून देतात, पाचशे-हजारात काम होतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याखाली घटस्फोट द्यायचा अधिकार कोर्टाचा आहे, परस्पर संमतीने असला तरी कोर्टातच. एकच पळवाट आहे, कलम २९ (२), एखाद्या समाजात रूढीने काडीमोड घ्यायची पद्धत असेल तर ती कायद्याने मोडलेली नाही. पण नुसतं "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही, ती रूढी आहे, जुनी आहे, सतत पाळली जाते आणि या जोडप्याने ती पाळली, हे सगळं पुराव्याने सिद्ध करावं लागतं, सुप्रीम कोर्टाचे यावर निकाल आहेत. धाकटीने पुढे कोर्टात समाजातले दोन म्हातारे साक्षीला आणले. त्यांनी सांगितलं, होय, आमच्यात पंचांसमोर सोडतात. उलटतपासणीत विचारलं, अशी सोडलेली चार नावं सांगा, एकही सांगता आलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्या फारकतनाम्यात पंचांचा उल्लेखच नव्हता, रूढीचा नव्हता, नुसतं "उभयतांनी राजीखुशीने" वगैरे. तो कागद गेला.

कागद गेला म्हणजे थोरलीचं लग्न २०२३ पर्यंत जिवंत होतं. सतरा वर्षं माहेरी राहिली म्हणून ते तुटत नाही, त्याने तिला दमडी पाठवली नाही म्हणूनही तुटत नाही. आणि ते जिवंत असताना केलेलं २००९ चं लग्न कलम ५ आणि ११ प्रमाणे पहिल्या दिवसापासूनच शून्य, ते रद्द करून घ्यायला थोरलीने कोर्टात जायचीसुद्धा गरज नव्हती.

धाकटीच्या वकिलाने एक मुद्दा मात्र चांगला काढला. नियम ११६ मध्येच लिहिलंय की एकापेक्षा जास्त विधवा असतील तर पेन्शन समान वाटून द्यायची. मग? नियमच दोन विधवा मानतोय ना? हा वाद महाराष्ट्रात बरीच वर्षं चालला, उलटसुलट निकाल आले, शेवटी मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने औरंगाबादला २०१९ मध्ये निकाल दिला की ती तरतूद ज्यांच्या व्यक्तिगत कायद्यात एकापेक्षा जास्त लग्नं वैध आहेत त्यांच्यासाठी आहे, जिथे दुसरं लग्न मुळातच शून्य आहे तिथली दुसरी बाई नियमाच्या अर्थाने विधवाच नाही. म्हणजे मुस्लिम कर्मचाऱ्याच्या दोन्ही वैध बायकांना अर्धी-अर्धी मिळेल, इथे धाकटीला नाही.

मला हे लिहिताना धाकटीबद्दल वाईट वाटतंच. चौदा वर्षं संसार तिने केला, त्याची शुगर, त्याचे डबे, शेवटच्या रात्री रिक्षा शोधत पळाली ती, आणि तिला तो घटस्फोटित आहे असंच सांगून लग्न केलं होतं, तो स्टॅम्पपेपर दाखवूनच. फसवणूक झाली ती तिचीच. आणि यात ऑफिस साधूसंत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला वर्तणूक नियमांनी बंदी आहे. २०१२ मध्ये हा माणूस कुटुंबात बायकोचं नाव बदलायला आला तेव्हा "डिक्रीची (कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकुमाची) प्रत जोडा" एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तरी धाकटीला तेव्हाच कळलं असतं की आपण कुठे उभे आहोत.

पण तिचा मुलगा वेगळा. लग्न शून्य असलं तरी मूल कलम १६ ने औरस आहे. सुप्रीम कोर्टाने २००० साली बिहारच्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणात नेमकं हेच म्हटलं, दुसऱ्या बाईला काही नाही, पण तिच्या मुलांना पेन्शनमध्ये आणि ग्रॅच्युइटीत हिस्सा, पेन्शनचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत. केंद्राच्या पेन्शन खात्यानेही २०१२ च्या ज्ञापनाने आपल्याकडे तशी सोय केली. त्यामुळे धाकटीला वकिलाने शेवटी जो सल्ला दिला तो बरोबर होता, स्वतःचा दावा सोडा, मुलाची पालक म्हणून त्याच्या हिश्शाचा अर्ज करा. दीड वर्ष आधी दिला असता तर बरं झालं असतं.

आता ग्रॅच्युइटी. २९ वर्षं नोकरी म्हणजे ५८ सहामाह्या, प्रत्येकीला अर्धा पगार, नुसतं मूळ वेतन धरलं तरी १४ लाख ६४ हजार पाचशे होतात, पण तेव्हा राज्यात मर्यादा १४ लाखांची होती (ती २० लाख झाली १ सप्टेंबर २०२४ पासून, हा २०२३ ला गेला), म्हणून १४ लाखच. इथे नॉमिनेशनला किंमत आहे, पण एका अटीवर, कुटुंब असलेल्या कर्मचाऱ्याला कुटुंबातल्याच माणसाचं नॉमिनेशन करता येतं. धाकटी कायद्याने पत्नी नाही, म्हणून कुटुंबात नाही, म्हणून २०१२ चं नॉमिनेशन बाद. नॉमिनेशन बाद झालं की नियम सांगतो, बायको, मुलगे आणि अविवाहित मुली यांना समान. थोरली, तिची मुलगी, धाकटीचा मुलगा, प्रत्येकी चार लाख सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट आणि वरती पैसे. आईला यात काही नाही, ती पुढच्या गटात येते, पहिल्या गटातलं कुणीच नसेल तर. मुलीचं लग्न बाप जायच्या आधी झालं असतं तर तीही यातून बाहेर गेली असती, हे मला पटत नाही पण आहे असं आहे.

आणि जीपीएफमध्ये नेमकं उलटं. खात्यावर ११ लाख ६० हजार, नॉमिनी आई. आईचं नॉमिनेशन चालतं, ती कुटुंबात येते. त्यामुळे पैसे आईच्याच हातात जाणार, ऑफिस तिला देऊन मोकळं. पण हातात जाणं आणि मालकीचं होणं यात फरक आहे, नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा माणूस, हे सुप्रीम कोर्टाने विम्याबद्दल १९८३ मध्ये सांगितलं आणि लग्नाआधी आईच्या नावे केलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या नॉमिनेशनबद्दल २००९ मध्ये. हे पैसे त्याचे स्वतःचे साठवलेले, म्हणून इस्टेटीत येतात, आणि वाटप हिंदू वारसा कायद्याने, पहिल्या वर्गातले वारस सारखे, आई, विधवा, मुलगी, मुलगा. चार भाग, प्रत्येकी २ लाख ९० हजार. सासू सुरुवातीला म्हणत होती माझ्या लेकाचे पैसे, माझं नाव लिहिलंय, मी कुणाला देणार नाही. थोरली म्हणाली, "आत्याबाई, तुमचा भाग तुम्हाला हायेच की, त्याला कोण नाही म्हणतंय." हे म्हातारीला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, तिला वाटत होतं एक तर सगळे नाहीतर काहीच नाही.

रजेच्या पैशांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या अर्जित रजेचं रोखीकरण, त्याला नॉमिनेशन नसतं, नियमातल्या क्रमाने जातं आणि क्रमात पत्नीचं नाव पहिलं. गटविम्याचं नॉमिनेशन धाकटीच्या नावाने, त्यावर भांडण आहे, रक्कम लहान आहे.

मग कोर्टाचा दाखला लागतो की नाही? जीपीएफसारख्या इस्टेटीत येणाऱ्या पैशांसाठी, नॉमिनेशन नसेल किंवा वाद असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र मागणं समजू शकतो. फॅमिली पेन्शनसाठी "वारस" हा मुद्दाच नाही, आई वारस आहे म्हणून तिला पेन्शन मिळते का, नाही मिळत, मग वारस दाखला कशाला? तिथे लागतो लग्नाचा पुरावा. दोन बायकांचा वाद आहे म्हणून ऑफिसने हात वर केले हे एकवेळ मान्य, ऑफिसने न्यायाधीश व्हावं असं कुणी म्हणत नाही, पण एकीकडे कबूल केलेलं पहिलं लग्न आणि दुसरीकडे डिक्री नसलेली फारकत, यात न्यायनिवाडा करण्यासारखं फार नव्हतं. निदान तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू करायची तरतूद नियमांत आहे, ती कुणी उघडून बघितली नाही.

लग्नाचा पुरावा थोरलीकडे काय होता तर नोंदणी दाखला नाही. मुलीचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, बापाचं नाव त्याचंच. जुनं रेशनकार्ड. लग्नपत्रिका एका मावशीच्या ट्रंकेत सापडली. पण सगळ्यात भारी पुरावा ऑफिसातच पडून होता, सेवापुस्तक. माहितीच्या अधिकारात प्रती मागवल्या. कुटुंबाच्या तपशिलाच्या पानावर १९९७ सालची नोंद, पत्नी म्हणून थोरलीचं नाव, निळ्या शाईत, शेजारी तेव्हाच्या साहेबांची सही. त्याच्यावर एक आडवी रेघ, काळ्या बॉलपेनची, वरच्या मोकळ्या जागेत धाकटीचं नाव कोंबून लिहिलेलं. रेघेपाशी सही नाही, तारीख नाही, कुठल्या आदेशाने खोडलं तो क्रमांक नाही. त्यातच आणखी एक प्रत आली, २००३ चं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल, थोरलीच्या ऑपरेशनचं, "माझी पत्नी" असं त्याच्या स्वतःच्या अक्षरात. अशा केसमध्ये कुणी अडकलं असेल तर वकिलाकडे जायच्या आधी सेवापुस्तकाच्या साक्षांकित प्रती मागवा, सगळ्या पानांच्या, फक्त नॉमिनेशनच्या नाही.

शेवटी झालं असं की धाकटीनेच १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टात वारस दाखल्याचा अर्ज केला होता, थोरलीने तिथे हरकत घेतली, पुरावा झाला, आणि दाखला निघाला तो आई, थोरली, मुलगी आणि मुलगा या चौघांच्या नावाने. मध्येच लोकअदालतीत तडजोडीची बोलणी झाली, पेन्शन दोघींत अर्धी-अर्धी करू अशी. ती होत नाही. दोघींनी सह्या केल्या तरी महालेखापाल कार्यालय तुमच्या तडजोडीवर पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश काढत नाही, पात्र असेल त्याच्याच नावाने निघतो, आपल्याला मिळाल्यावर कुणी कुणाला काय द्यायचं ते आपसात. तडजोड झाली ती वेगळ्यावर, राहतं घर त्याच्या नावावर होतं, त्यातला आपला हिस्सा थोरलीने सोडला, मुलगा शिकेपर्यंत धाकटी तिथेच राहील असं लिहून दिलं. थोरलीच्या भावाला हे अजिबात पटलेलं नाही.

दाखल्यासोबत थोरलीने ऑफिसला नवा अर्ज दिला, आणि यावेळी एका अर्जात सगळं न मागता प्रत्येक रकमेचा वेगळा अर्ज, प्रत्येकात तो तो नियम, पेन्शनच्या अर्जाला पूर्णपीठाच्या निकालाची प्रत, सगळ्यांची पोच घेऊन. नाही ऐकलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जायचं ठरलं होतं, गरज पडली नाही. उशीर झालेल्यांसाठी एवढंच, पेन्शनचा हक्क उशिराने मरत नाही पण थकबाकी कोर्ट साधारण मागच्या तीन वर्षांचीच देतं, सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे, त्यामुळे "बघू नंतर" करत बसू नका. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या घरी हे नियम लागूच नाहीत असं ऑफिसात सांगतात तेही अर्धवट, नोकरीत मृत्यू झाला तर कुटुंबाला फॅमिली पेन्शन आणि मृत्यू उपदानाचा पर्याय राज्याने ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने दिलाय.

पतसंस्थेचे लोक मध्ये येऊन गेले, त्याच्या नावावर कर्ज बाकी होतं, थोरलीला म्हणाले पेन्शनवर जप्ती आणू. सरकारी येणं असेल तर ते ग्रॅच्युइटीतून कापतात, पण पेन्शनवर जप्ती येत नाही, १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून हे चालत आलंय. तिने त्यांना लेखी द्या म्हणून सांगितलं, ते परत आले नाहीत.

पीपीओ थोरलीच्या नावाने आला, थकबाकीसह. ग्रॅच्युइटीचे तीन हिस्से मंजूर झाले, मुलाचा धाकटीकडे पालक म्हणून. पेन्शनमधला मुलाचा हिस्सा मात्र अजून अडकलाय, ऑफिसने २००० चा निकाल जोडून महालेखापालांकडे मार्गदर्शन मागितलंय आणि तिकडून शेरा आलाय की प्रस्ताव विहित नमुन्यात नाही, पुन्हा सादर करावा.